कंबरभर माती

आमच्या ज्युनियर कॉलेजात जिलेबी वर्षातून तीनदा मिळायची. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला आणि एकतीस जानेवारीला. पहिल्या दोन संस्थेच्या खर्चाने, तिसरी अर्थशास्त्राच्या सरांच्या. मी नवीन लागलो त्या वर्षी ही तिसरी जिलेबी सरांच्या वाढदिवसाची समजून खाल्ली आणि तोंडात घास असतानाच म्हणालो, "सर, शंभर वर्षं जगा."

"माझं काय घेऊन बसलात," सर म्हणाले, "नौरू जगला पाहिजे."

नौरू हे मला लाडाचं नाव वाटलं. नातू असणार. मधल्या सुट्टीपर्यंत मी स्टाफरूममध्ये बातमी पसरवली आणि फुगे आणायला शिपायाला पाठवायच्या बेतात होतो. तो बिचारा माझ्या कानाशी आला. "ओ सर, ते पोरगं न्हाय. देश हाय त्यो. आज त्येचा पंधरा ऑगस्ट असतोय. आन् तुमी नवीन हाय म्हणून सांगतो, त्यो देश कुटं हाय, असं इचारू नका त्यांना. तास बुडंल."

मी विचारलं. तास बुडाला. पुढचाही बुडाला.

सर अर्थशास्त्र शिकवायचे, मी बुककीपिंग. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्यामुळे ही कथा मी किती वेळा ऐकली याला मोजदाद नाही. पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या जवळ, नौरू नावाचं एक चिमुकलं बेट आहे. त्या बेटावरचा एक दगड कुणीतरी सिडनीला नेला आणि कचेरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवला. लोक येता-जाता त्याला ठेचाळत होते. एक दिवस एकाने तो तपासला, तर निघालं फॉस्फेट. खताचं सोनं. अख्खं बेटच त्याचं! मग जर्मनांचा अंमल असताना खणायला सुरुवात झाली, पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून खणलं, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर नौरूच्या लोकांनी स्वतःच खणलं. काही वर्षं ती माणसं जगातल्या सगळ्यात श्रीमंतांत मोजली गेली. कर नाही, काही नाही. स्वतःची विमानं, मेलबर्नला स्वतःची गगनचुंबी इमारत. आणि मग एक दिवस फॉस्फेट सरत आलं, आणि मागोमाग पैसाही. बेटाच्या मध्यभागी उरले नुसते खडकाचे सुळके, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखे.

"बसून खाल्लं तर बेटसुद्धा पुरत नाही," इथे सर थांबायचे आणि ऐकणाऱ्याच्या डब्यातली एक पोळी उचलायचे.

बारावीच्या पुस्तकात कुठलाही धडा असो, सरांचं उदाहरण नौरूचंच. मागणी-पुरवठा? नौरू. सार्वजनिक वित्त? नौरू. लोकसंख्या? नौरू तर हवंच. एकदा एका विद्यार्थ्याचे वडील तक्रार घेऊन आले, की पोराला भारताची राजधानी नीट सांगता येत नाही, पण नौरूला अधिकृत राजधानी नाही हे मात्र घरादाराला ऐकवतोय. सरांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि तासाभराने ते गृहस्थ "आयला, विमानं पण होती व्हय!" असं पुटपुटत जिना उतरले. तक्रार करायची राहूनच गेली.

नौरूच का, असं विचारलं तर सरांचं उत्तर दरवेळी वेगळं. कधी म्हणत, लहानपणी वडिलांनी आणलेल्या खताच्या पोत्यावर बसून अभ्यास केला, तेव्हा हे कुठून येतं असा प्रश्न पडला. कधी म्हणत, एका पोस्टाच्या तिकिटावर त्या बेटावरचा पक्षी पाहिला. एकदा मी फारच खोदून विचारलं तर म्हणाले, "तुम्ही बायको का केलीत, सांगता येईल?" मी विचार करत राहिलो. सर म्हणाले, "बघा. नाही ना सांगता येत."

खरं तर मला सांगता आलं असतं, कारण माझं लग्न सरांमुळेच झालं. मुलगी बघायला जाताना वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून मी त्यांना बरोबर घेतलं होतं. सरांना एक खोड होती. कुणाच्याही घरी गेले की दाराला लावलेला दगड आधी उचलून बघायचे. "सिडनीत कुणी वाकलं नसतं तर?" असं त्यांचं म्हणणं. त्या घरी दाराला वरवंटा लावलेला होता. सरांनी तो उचलला, उन्हाकडे धरला, नखाने खरवडून वास घेतला आणि म्हणाले, "साधा काळा पत्थर." तेवढ्यात वाऱ्याने दार आपटलं, ते पोह्यांचा ट्रे घेऊन येणाऱ्या माझ्या भावी सासऱ्यांच्या कोपरावर. पोहे माझ्या डोक्यावर. मी इतका गोंधळलो, की केसांतले पोहे काढून खायला लागलो. आत कुणीतरी फिसकन हसलं. जी हसली तिच्याशीच माझं लग्न झालं. ती आजही सांगते, की मी पोह्यांना मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणालो होतो.

दर रविवारी सकाळी सरांची 'प्रदक्षिणा' असायची. नौरूला सगळ्या बेटाभोवती एकच रस्ता आहे, आणि तेवढ्याच लांबीचा फेरा सरांनी सोलापुरात आखून घेतला होता. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांपासून स्कूटर निघायची आणि गावाला वळसा घालून परत तिथेच यायची. मागे मी. "हे विमानतळ," एका गॅरेजपाशी सर म्हणायचे. "ही संसद." तिथे कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळायची, म्हणून संसदेपाशी थांबायची माझी फार इच्छा असे, पण सरांचा नियम, देश पूर्ण झाल्याशिवाय उतरायचं नाही. एकदा सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मी हळूच उतरून पान घ्यायला गेलो. मागे वळून बघतो तर सर पुढे गेलेले, मागच्या रिकाम्या सीटला काहीतरी समजावून सांगत. मी रिक्षा करून पोचलो तेव्हा ते दारात उभे होते.

"कुठं उतरलात?"

"बँकेच्या चौकात, पानाच्या गादीवर."

"ती रस्त्याच्या डाव्या हाताला," सर गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे समुद्रात. बुडालात तुम्ही."

असा हा माणूस. लग्न केलं नाही, कुणाचं वाईट केलं नाही, आणि दोनशे मैलांवरचा समुद्रही कधी पाहिला नाही. म्हणून रिटायर व्हायच्या वर्षी त्यांनी जे जाहीर केलं त्याने आम्ही सगळेच गार झालो.

"मी नौरूला चाललोय," सर म्हणाले. "ब्रिस्बेनहून विमान आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या. खर्चाचं काय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बुककीपिंगच्या मास्तरच्याही नाही. ते कळलं तीन-चार दिवसांनी, आक्काचा फोन आला तेव्हा.

आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि ती मंगळवेढ्याला, माहेरच्या रानात परत आली. सातबारा सरांच्या नावावर, रान आक्काच्या हातावर, असा दोघांचा संसार. मंगळवेढ्याची काळी माती म्हणजे पाऊस एकदा पोटात घेतला की हिवाळाभर सोडत नाही. त्या ओलीवर आक्का ज्वारी काढायची. दर थंडीत हुरडा खायला सर मला घेऊन जात, त्यामुळे आक्काला मी ठाऊक होतो. फोनवर तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"मास्तर, तुमी त्येच्या शेजारी बसताय न्हवं? इतकी वरसं बसून काय केलं?"

"काय झालं, आक्का?"

"माती इकायलाय त्यो. भट्टीवाल्याला. इटा करायला. रस्त्याकडचं रान, वरची कंबरभर माती. आयतवारी मोजायला येनार हाय. त्या मेल्या बेटावर जायचंय म्हनं!"

मी सरांना गाठलं. नौरू म्हणजे काय हे ज्याने सोलापूरच्या पिढ्यान्पिढ्यांना पढवलं, तो माणूस स्वतःचं रान खणून नौरू बघायला निघाला होता, आणि यात काही विनोदी आहे असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं.

"अहो, फक्त रस्त्याकडचं," सर म्हणाले. "सगळं कुठं?"

"पण सर, तुम्हीच तर..."

"आणि एक लक्षात घ्या. नौरूच्या लोकांनी मजा केली की नाही काही वर्षं? केली ना? मी उभ्या आयुष्यात काय मजा केली?"

त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच काहीतरी मागितल्यासारखं पाहिलं. या माणसाने बेट बघू नये असं म्हणणारा मी कोण? पण त्या रानात आक्का होती, आणि आक्काकडे त्या मातीशिवाय दुसरं काही नव्हतं. कंबरभर माती गेली की खाली चुनखड. तिथे ज्वारी नाही, कुसळ उगवलं असतं.

रविवारी मी बरोबर यायचा हट्ट धरला. नौरूच्या सगळ्या मुद्द्यांची तयारी केली. म्हटलं, सरांचंच अस्त्र सरांवर. विसरायला नको म्हणून मुद्दे तळहातावर बॉलपेनने लिहून घेतले. उन्हाळा तोंडावर होता, एसटी खच्चून भरलेली, आणि मी सबंध वाट दांडीला लटकून उभा. मंगळवेढ्याला उतरून हात बघितला तर घामाने सगळा मजकूर निळा झालेला. अंगठ्यापाशी 'मेल' एवढंच वाचता येत होतं.

रानात ज्वारीची धसकटं उभी होती आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. भट्टीवाला आधीच आला होता. पांढरा शर्ट, डोक्यावर गॉगल, आणि बोलायला फार अदबशीर. टेपचं एक टोक त्याने सरांच्या हातात दिलं. आक्का बांधावर बसली होती. उठली नाही, बोलली नाही. मला बघून फक्त हनुवटीने खूण केली: चला, सुरू करा.

मी घसा साफ केला. "सर, तुम्हीच सांगता ना, त्या बेटावर कोळसा सापडला..."

टेप धरलेले सर थांबले. "काय सापडला?"

"कोळसा."

"फॉस्फेट!"

"तेच ते. तर इंग्रजांनी आधी..."

"जर्मनांच्या अमलात सुरू झालं. इंग्रज, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड नंतर. अहो, काय बोलताय तुम्ही?"

मी हाताकडे बघितलं. 'मेल'. "आणि मग त्या लोकांनी स्वतःची मेल गाडी सुरू केली..."

"मेल?" सरांच्या हातातून टेप सुटली आणि तिचं टोक एका भेगेत गेलं. "मेलबर्न! मेलबर्नला इमारत बांधली त्यांनी! मेल गाडी कशाला सुरू करतील? सगळा देश प्रदक्षिणेएवढा! विमानं होती, विमानं!"

"विमानं?" भट्टीवाला टेप ओढता ओढता थांबला. "कुणाची ओ सर?"

झालं. सर त्याच्याकडे वळले. शेतात फळा नव्हता, म्हणून त्यांनी धसकट उपटून जमिनीवर बेट काढलं. भोवती रस्ता. मध्ये खाण. दाराला लावलेल्या दगडापासून त्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. भट्टीवाला उकिडवा बसला. "आन् मग?" तो विचारायचा. "आन् मग?" ऊन चढत होतं. मी अधूनमधून मदत करायला जायचो आणि दरवेळी काहीतरी चुकीचं बोलायचो. सर हात झटकून मला गप्प करायचे आणि जास्त जोराने सांगायला लागायचे. खणत खणत ते बेटाच्या मध्यावर आले, सुळक्यांपाशी. तिथे त्यांचा आवाज जरा उतरला.

तेवढ्यात मला एक गोष्ट नक्की आठवतेय असं वाटलं. म्हणालो, "आणि शेवटी ऑस्ट्रेलियाने त्यांना दुसरं बेट दिलं. मग ते सगळे तिकडे राहायला गेले. हो ना सर?"

सर उभे राहिले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"गेले नाहीत!" ते ओरडले. "देऊ केलं होतं. मोठं होतं. चांगलं होतं. नाही म्हणाले ते! नाही गेले!"

"का न्हाय गेले?" बांधावरून आक्का म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य.

सर तिच्याकडे वळले. शिकवताना असायचा तसा हात वर होता. "कारण..." ते म्हणाले. "त्यांचं होतं ना ते, आक्का. खणलेलं का असेना. दुसरीकडं गेलो तर आपण आपण राहणार नाही, असं वाटलं त्यांना."

वरचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी पायापाशी काढलेलं बेट बघितलं. मग त्याच्या खालची माती बघितली. मग वाकले आणि सवयीप्रमाणे एक ढेकूळ उचललं, उन्हाकडे धरलं, नखाने खरवडून वास घेतला. बराच वेळ घेतला.

भट्टीवाल्याने गुडघ्यावरची धूळ झटकली. "सर, मोजायचं का ऱ्हाऊ द्यायचं?"

"राहू द्या," सर म्हणाले.

"बरं." त्याने टेप गुंडाळली. "माती काय, कुटं पन मिळती. ती विमानं मातूर लई भारी होती ओ." आक्काने सगळ्यांना चहा दिला. भट्टीवाल्याला तिने साखर जरा जास्तच घातली.

परतीच्या एसटीत जागा मिळाली. सर खिडकीशी. गाव मागे पडल्यावर हसून म्हणाले, "हुशार आहात. मुद्दाम चुकत गेलात. मला चुकीचं ऐकवत नाही, हे ओळखून."

इथे मी गप्प बसलो असतो तर आज आमच्या कॉलेजात चाणक्य म्हणून ओळखला गेलो असतो. पण मला अवेळी खरं बोलायची खोड आहे.

"नाही सर," मी म्हणालो. "मला खरंच एवढंच आठवत होतं."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की माती विकली असती तरी त्यांना एवढं दुःख झालं नसतं. "कोळसासुद्धा? इतकी वर्षं शेजारी बसून?"

"मेल गाडी तळहातामुळे झाली," मी म्हणालो. त्याने काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी मला नौरू नव्याने, पहिल्या धड्यापासून शिकवायला घेतलं. रिटायर झाल्यावरही रोज संध्याकाळी ते घरी यायचे आणि आदल्या दिवशीचं विचारायचे. माझी बायको मला आतून उत्तरं सांगायची. वरवंट्याच्या दिवसापासूनच तिचं या बाबतीत लक्ष होतं. विमान-तिकिटाचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. मी एकदा भीत भीत काढला, तर सर म्हणाले, "बघू," आणि मला संसदेपाशी कडक भाकरी खाऊ घातली. देश पूर्ण व्हायच्या आधी!

त्या थंडीत आम्ही हुरड्याला गेलो. रस्त्याकडच्या रानातच आक्काने आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजत होती, आणि भोवती छातीएवढी ज्वारी वाऱ्यावर सळसळत होती. आक्का तळहातावर कणसं चोळून गरम दाणे आमच्या पुढ्यात टाकत होती. शेंगाचटणी होती, गूळ होता. सर खात होते आणि बोलत नव्हते, म्हणजे फार खुशीत होते.

"बाळू," आक्का म्हणाली. सरांना बाळू म्हणणारी जगात ती एकटीच. "ती मान्सं आता काय खात्यात रं? तुज्या बेटावरची."

"डब्यातलं, आक्का. तांदूळ, मटण, सगळं बोटीनं बाहेरून येतं."

"सगळं?"

"जवळजवळ सगळं. नारळ-मासे सोडून."

आक्काचा चोळणारा हात थांबला. तिने दाण्यांतली कुसं फुंकून काढली. तिला हे फारच मनाला लागलेलं दिसलं.

"मंग त्यास्नीच हिकडं बोलव की," ती म्हणाली. "तुला जायाला जमंना तर ती येत्याल. गरम हुरडा खाऊन जात्याल बिचारी. किती असत्याल?"

मी तोंड उघडणार होतो, पण उत्तर सांगायला आत बायको नाही हे आठवून मिटलं. सर म्हणाले, "फार नाहीत. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला एका संध्याकाळी त्याहून जास्त माणसं फिरत असतात."

"एवढीच व्हय? मंग मावत्याल की. आगटी वाढवू."

मला वाटलं सर हसतील. सर उठले. ज्वारीच्या कडेने बांधापर्यंत चालत गेले, दोन्ही हात पसरून कुठे किती बसतील ते बघितलं, डाळिंबाच्या झाडाखाली म्हाताऱ्यांची सोय करता येईल का तेही बघितलं, आणि परत येऊन आगटीपाशी बसले. कपाळाला आठी होती.

"जागेचं जमतंय, आक्का," ते म्हणाले. "पण ती विषुववृत्तावरची माणसं. आपली ही पहाटेची थंडी सोसायची नाही त्यांना. एवढ्या पांघरुणांचं काय करायचं?"

आक्काने ताजा हुरडा सरांच्या ओंजळीत ओतला.

"सोलापुरात ऱ्हातूस," ती म्हणाली, "आन् चादरीची काळजी करतूस व्हय रं?"